दगडापेक्षा वीट मऊ

न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या फायरप्लेसमध्ये विस्तव सोडून सगळं सापडतं. आतल्या काळ्या पोकळीत गेल्या दिवाळीचा आकाशकंदील घडी करून उभा केलेला असतो. तोंडाशी जो विटांचा किंवा दगडाचा ओटा असतो, त्याच्यावर मुलांची दप्तरं, आजोबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र, गराजमध्ये न मावलेला पेपर टॉवेलचा गठ्ठा आणि ‘परत करायचंय’ म्हणत म्हणत मुदत उलटून गेलेली दोनचार खोकी. भाद्रपद उजाडला की हा सगळा पसारा तळघरात ढकलला जातो आणि ओट्यावर गणपती बसतो. मागं भिंत, वर फळी, दोन्ही बाजूंना खांब, सगळं आयतं. मखराचा निम्मा खर्च वाचतो. साहेबानं हे बांधकाम शेकत बसण्यासाठी काढलं असेल, पण त्याचं सोनं केलं ते आपण.

घर घेताना मात्र फायरप्लेस हवीच. बाहेर बर्फ पडतोय, समोर लाकडं तडतडताहेत, हातात आल्याचा चहा, हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं असतं आणि घरं दाखवणाऱ्या बाईंना ते पक्कं ठाऊक असतं. त्या फायरप्लेसपाशी येऊन क्षणभर गप्प उभ्या राहतात, तिथंच किंमत ठरते. पुढं पहिल्या हिवाळ्यात एकदा हौसेनं लाकडं पेटवली जातात. वरचा डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, आधी उघडायचा असतो ही गोष्ट घरच्या तीन इंजिनिअरांपैकी कुणालाच ठाऊक नसते. धूर घरभर, अलार्म कोकलतोय, पाहुण्यांसकट सगळे डोळे चोळत अंगणातल्या बर्फात. त्या संध्याकाळी खरी ऊब मिळते ती बाहेरून घरात परत आल्यावर. दुसऱ्या हिवाळ्यापासून थर्मोस्टॅट झिंदाबाद.

यात सगळा दोष आपला नाही. उघडी फायरप्लेस ही मुळातच उधळी. लाकडाची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना घरातली तापवलेली हवाही सोबत ओढून नेते. बेंजामिन फ्रँकलिननं या उधळपट्टीवर १७४४ साली एक पुस्तिका काढली आणि लोखंडी पेटीची शेगडी सुचवली. १७९६ मध्ये काउंट रम्फर्डनं निबंध लिहून सांगितलं की बाबांनो, आतली खोली कमी करा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, वरचं नरडं अरुंद करा, म्हणजे ऊब घरात येईल आणि धूर मुकाट वर जाईल. त्याची ती रचना आजही बांधतात. हा रम्फर्ड म्हणजे मूळचा मॅसॅच्युसेट्सचा बेंजामिन थॉम्पसन. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची बाजू धरली म्हणून देश सुटला, पुढं बव्हेरियात जाऊन काउंट झाला. उतारवयात त्यानं लाव्हाझिये या शास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केलं आणि ते काही टिकलं नाही. इतरांच्या दिवाणखान्यात ऊब कशी राहील याचं गणित मांडणाऱ्या माणसाचं घरचं गणित चुकलं. ते असो. आपला विषय ओटा.

आमचं घर १९७०च्या दशकातलं. त्या काळी लाल विटांचं वेड होतं आणि आमच्या फायरप्लेसवर ते जरा जास्तच ओतलं गेलं होतं. भिंत विटांची, ओटा विटांचा, ओट्याच्या कडा विटांच्या आणि प्रत्येक कडेला धार. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण ज्यानं काढली, त्याची नडगी कधी फायरप्लेसच्या ओट्यावर आपटली नसावी. शिवाय वीट पिते. दरवर्षीच्या समईचं तेल त्या विटांनी बिनबोभाट पिऊन टाकलं होतं. सांध्यांत कुंकू बसलं होतं. एका कोपऱ्यात कापराचा काळा ठिपका होता, त्याला कुठलंही साबणपाणी लागू पडत नव्हतं. एका रविवारी, अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाल्यावर, बायको हातात घासणी घेऊन ओट्यापुढं बसली होती. ती उठली, घासणी बादलीत टाकली आणि म्हणाली, “हा ओटा बदलायचा. पुढचा गणपती या विटांवर बसणार नाही.”

ओटा एवढासा. पाच-सहा फूट लांब, दीड-दोन फूट रुंद. हेच पुण्यात असतं तर सकाळी गवंड्यानं शहाबादी फरशी आणली असती, दुपारी माल कालवला असता आणि संध्याकाळी “चार दिवस पाणी मारत राहा” असं बजावून पैसे घेऊन गेला असता. इथं मध्ये कोड येतो. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड नावाची एक पोथी आहे आणि बहुतेक राज्यं थोड्याफार फेरफारानं तीच वाचतात. पोथी म्हणते, शेगडीचं तोंड ६ चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर ओटा पुढं निदान १६ इंच आणि दोन्ही अंगांना ८ इंच हवा. तोंड त्याहून मोठं असेल तर पुढं २० आणि बाजूंना १२. माल न जळणारा. जाडी दोन इंच. मात्र शेगडीचा तळ ओट्यापासून आठ इंच किंवा जास्त वर असेल तर तीन-अष्टमांश इंचाची फरशीसुद्धा चालते. वरच्या फळीचं लाकूड तोंडापासून सहा इंचांच्या आत येता कामा नये.

कंत्राटदार टेप घेऊन आला. मापं घेतली, खाली वाकून धुराड्यात टॉर्च मारला, आकाशकंदील बाहेर काढून आदरानं सोफ्यावर ठेवला. मग वही उघडून विचारलं, “यात लाकूड जाळता की गॅस?”

“गणपती बसवतो,” मी म्हणालो.

त्यानं वहीत ‘गॅस’ असं लिहिलं.

ज्या शेगडीत काही पेटणारच नाही तिच्यापुढं सोळा इंच न जळणारा दगड कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. पण ठिणगीचा भरवसा नाही. १९६६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीनं, ज्यांच्या फ्लॅटात फायरप्लेस नाही अशा बिचाऱ्यांसाठी टीव्हीवर नुसतं जळतं लाकूड दाखवायचं ठरवलं. चित्रण केलं थेट महापौरांच्या निवासस्थानी, ग्रेसी मॅन्शनमध्ये. १७ सेकंदांची फीत, तीच पुन्हा पुन्हा, वर नाताळची गाणी, आणि लोकांनी ती तासन्‌तास बघितली. पण ते चित्रण करताना ज्वाळा नीट दिसाव्यात म्हणून शेगडीपुढची जाळी काढली होती. ठिणगी उडाली आणि महापौरांच्या घरचा जुना, भारी गालिचा भाजला. पुढं १९७० मध्ये नवी फीत काढायची वेळ आली, तेव्हा ही मंडळी कॅलिफोर्नियात गेली. आजही आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत डिसेंबरात टीव्हीवर जळतं लाकूड लावलेलं असतं. टीव्ही फायरप्लेसच्या वर टांगलेला, खाली खरी फायरप्लेस गारठून बसलेली, आणि सगळे माना वर करून टीव्हीवरच्या विस्तवाकडं बघत “काय छान वाटतं ना!” म्हणताहेत.

तर दगड बघायला निघालो. हिच्या फोनमध्ये सोफ्याचा, पडद्याचा, भिंतीच्या रंगाचा आणि आमच्या गणपतीच्या चौरंगाचा असे फोटो होते. आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली होती. तिला मागं ठेवण्याचा प्रयत्न मी केला नाही, कारण उपयोग नव्हता.

इथलं दगडाचं दुकान म्हणजे गोदाम. पुरुषभर उंचीच्या प्रचंड पाट्या लोखंडी घोड्यांना दोन्ही अंगांनी टेकून उभ्या, मधून माणूस जाईल एवढी वाट. रंग खुलून दिसावा म्हणून विक्रेता हातातल्या बाटलीतून पाणी फवारतो आणि मग दगड जो काय खुलतो! आई माझ्या कानात म्हणाली, “मंडईत भाजीवर मारतात तसंच रे. वाळल्यावर दाखव म्हणावं.” हा सल्ला मी पुढं सगळीकडं वापरला. फुकट आहे, तुम्हीही वापरा.

नावं वाचत पुढं गेलं की हळूहळू लक्षात येतं, निम्मी मंडळी आपल्याकडचीच आहेत. ‘ब्लॅक गॅलेक्सी’, ज्याच्या काळ्या अंगावर सोनेरी ठिपके चमकतात, तो आंध्रात ओंगोलजवळच्या चीमाकुर्तीचा. ‘टॅन ब्राउन’ तेलंगणातल्या करीमनगरचा. ‘कश्मीर व्हाइट’चा काश्मीरशी काडीचा संबंध नाही, तो निघतो तमिळनाडूत. ‘व्हायकाउंट व्हाइट’ नावाचा एक करडा-पांढरा लाटालाटांचा दगड आहे, तोही भारतातला. व्हायकाउंट केव्हाच मायदेशी परतले, नाव मात्र आमच्या दगडावर ठेवून गेले. आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’ म्हणून जो काळाभोर ग्रॅनाइट विकतात तो बराचसा दक्षिण भारतातून येतो, आणि भूशास्त्रज्ञाला विचारलंत तर तो ग्रॅनाइट नव्हेच म्हणून सांगेल. डोलेराइट किंवा गॅब्रो. दुकानात कुणी भूशास्त्रज्ञाला विचारत नाही. विक्रेता एका पाटीवर हात फिरवत फार कौतुकानं म्हणाला, “व्हेरी एक्झॉटिक. फ्रॉम इंडिया.” समोर आम्ही तिघं एक्झॉटिक उभेच होतो. तिघांनीही आश्चर्य दाखवलं.

हिला खरं म्हणजे पांढरा क्वार्ट्‌झ हवा होता. स्वयंपाकघरात तोच आहे, डाग धरत नाही, दिसतो छान. पण कंत्राटदारानं आधीच बजावलं होतं: क्वार्ट्‌झ म्हणून जी पाटी मिळते ती कारखान्यात होते, खऱ्या क्वार्ट्‌झचा चुरा रेझिननं सांधलेला असतो, आणि रेझिनला आच सोसत नाही. रंग पिवळा पडतो, तडे जातात.

“पण आपण पेटवणारच नाही ना?” ही म्हणाली.

“मग फायरप्लेस ठेवता कशाला?” त्यानं विचारलं होतं.

त्या प्रश्नानंतर आमच्याकडं दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी ठरलं की एखादे वेळी पेटवू, नाहीतर पुढं घर विकलं तर घेणारा पेटवेल, आणि त्याचं घर जाळायचा आपल्याला अधिकार नाही. क्वार्ट्‌झ गेला.

मग संगमरवर. पांढऱ्यावर करड्या रेषा, बघताच माणूस विरघळतो. गोष्ट अशी की हाही विरघळतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की त्याची चकाकी खरवडल्यागत उडते. लिंबू तर सोडाच, पंचामृतातल्या दह्याचे दोन थेंब रात्रभर राहिले तरी सकाळी पांढुरके वण. तेल शोषतो ते निराळंच. हळदीचं काय करतो ते सांगत नाही, लग्नघरातले पांढरे सदरे आठवा. आईला मात्र संगमरवरच पसंत होता.

“ताजमहालाला मकराण्याचा चालतो, तुम्हाला का नाही?”

“आई, ताजमहालात पंचामृत करत नाहीत.”

“पडू देत नसतील,” ती म्हणाली, आणि यावर काही उत्तर नव्हतं.

पुढच्या रांगेत पाटीचा दगड होता. व्हरमाँट आणि न्यूयॉर्क यांच्या सीमेवर या दगडाचा मोठा पट्टा आहे. जांभळा, हिरवट, करडा निघतो आणि ग्रॅनव्हिलकडं चक्क लाल. आईनं बोट जिभेला लावलं आणि त्या जांभळ्या पाटीवर सरळ ‘श्री’ काढला. विक्रेत्याला वाटलं, ही काहीतरी पारंपरिक परीक्षा असावी. होतीच. अक्षर वाळेपर्यंत आई बघत राहिली, मग नखानं कडेचा एक पापुद्रा उचकटला आणि तो माझ्या हातावर ठेवला. पाटीच्या दगडाचा हा स्वभाव. थरांनी बनतो, थरांनीच सुटतो. चांगल्या खाणीतला असेल तर सुटत नाही, पण मग तो तसाच खडबडीत, नैसर्गिक फोडीचा ठेवलेला असतो आणि त्यावर चौरंग डुगडुगतो. फायरप्लेसवर लिहिलेल्या झाडून साऱ्या अमेरिकन पुस्तकांत आच, धूर, राख यांचा विचार असतो. चौरंग डुगडुगेल का याचा विचार एकानंही केलेला नाही. पेनसिल्व्हेनियाचा ब्लूस्टोनही बाद झाला. निळसर-करडा, देखणा वालुकाश्म, इथल्या अर्ध्या अंगणांत तोच अंथरलेला असतो, पण तेल पितो आणि त्याच्या बारीक खळग्यांत शिरलेली रांगोळी पुढच्या संक्रांतीपर्यंत निघत नाही.

सोपस्टोनपाशी मात्र मी थबकलो. व्हर्जिनियात निघतो, ब्राझील-फिनलंडहून येतो. आपल्या शंखजिऱ्याच्या जातीचा, हाताला साबणासारखा गुळगुळीत. आच लागली की हळूहळू तापतो आणि विस्तव विझल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो, म्हणून त्याच्या अख्ख्या शेगड्या बनवतात. आम्लाला दाद देत नाही. अमेरिकेतल्या जुन्या शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांची टेबलं याचीच. आणि सगळ्यात बहार म्हणजे त्याचा रंग गडद व्हावा म्हणून लोक त्याला मुद्दाम तेल चोळतात! म्हणजे समई कलंडली तर शेजारी “आज सर्व्हिसिंग केलं वाटतं” म्हणतील. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. बेलूर-हळेबीडची देवळं याच कुळातल्या दगडात कोरली आहेत, हेही मी हिला सांगितलं. पण जो दगड इतका नाजूक कोरता येतो तो मऊच असणार. आईनं पर्समधून किल्ली काढली, विक्रेता वळलेला बघून कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढली. उमटली.

“यावर नारळ कोण फोडणार?” तिनं विचारलं.

ओट्यावर नारळ फोडू नये, हे मला मान्य आहे. पण सर्वांदेखत सांगतो, सगळे फोडतात. आरती संपलेली असते, वीस माणसं खोबऱ्यासाठी हात पुढं करून उभी असतात, पोर्चपर्यंत कोण जातो? दगड निवडताना माणसं कशी वागायला हवीत ते बघून चालत नाही, कशी वागतात ते बघावं लागतं.

मला स्वतःला, खरं सांगायचं तर, बसाल्ट हवा होता. आपला काळा पाषाण. रायगड ज्याच्यावर उभा आहे, वेरूळचं कैलास लेणं ज्यातून खोदून काढलं, तो. आणि विशेष म्हणजे त्यासाठी सह्याद्रीत जायला नको. न्यू जर्सीतले वॉचुंग डोंगर बसाल्टचेच आहेत. इथला लाव्हा सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनचा साधारण ६.६ कोटींचा, म्हणजे जर्सीचा पाषाण आपल्याला खापरपणजोबा. वेस्ट ऑरेंजमध्ये आय-२८० हा महामार्ग काढताना डोंगर कापला, तिथं बसाल्टचे उभे खांब दिसतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दिसतात तसेच. रोज कामाला जाताना त्या खांबांजवळून जाणाऱ्या हजारो मराठी माणसांना आपण आपल्याच दगडाला वळसा घालतोय याचा पत्ता नसतो. मी हे सगळं त्या विक्रेत्याला रंगून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “ट्रॅप रॉक? तो फोडून रस्त्यात घालतात.” आपल्याकडंही तेच करतात म्हणा. घरच्या दगडाला किंमत नसणं दोन्ही खंडांत सारखंच.

मधल्या काळात सल्लागार वाढले होते. मराठी मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी नदीतले गोल गोटे आणून ओट्यावर आणि शेगडीत रचायची कल्पना मांडली. निसर्गाशी नातं वगैरे. त्यांना हात जोडून नको म्हटलं. नर्मदेतला गोटा कोरडा असतो तो म्हणीत. खऱ्या गोट्याच्या पोटात ओल असते, विस्तवाशी नेला की तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि गोटा फुटून तुकडे अंगावर येतात. निसर्गाशी नातं इतकं जवळचं नको.

शेवटी दगड मिळाला तो गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. ओट्यासाठी कुणी अख्खी पाटी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका. लोकांची स्वयंपाकघरं करून उरलेले तुकडे प्रत्येक गोदामात पडलेले असतात, त्यांना रिमनंट म्हणतात आणि भाव पुष्कळ उतरवून देतात. लक्ष्मी रोडवरच्या कटपीसच्या दुकानांत तयार झालेली आईची नजर तिथं कामी आली. एकामागं एक लावलेले तुकडे तिनं वाकून वाकून तपासले, एकाला तडा दाखवला, एकाची कड हेरली आणि तळाशी दडलेला एक काळा तुकडा माझ्याकडून पुढं ओढवून घेतला. काळाच, पण चकचकीत नव्हे. होन केलेला, म्हणजे घासून गुळगुळीत पण चमक न आणलेला. हात फिरवून म्हणाली, “हा आपल्या ओट्याच्या कडप्प्यासारखा आहे.” कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबाला घाबरणारा, आणि हा त्यापेक्षा कितीतरी कणखर. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. बायको तोपर्यंत फोनमधल्या चौरंगाचा फोटो दगडाला लावून बघत होती, आणि दोघींचं एकमत झालं होतं. आमच्या घरात असे क्षण वाया घालवत नाहीत.

दगड बसवल्यावर वास्तुशांत राहिली होती ती आठवली. खरं तर ती घर घेतलं तेव्हापासूनच राहिली होती. गुरुजी आले, चपला काढल्या, आणि आधी छतावरचा स्मोक अलार्म कुठं आहे ते बघितलं; अमेरिकेतल्या गुरुजींची पहिली नजर तिकडंच जाते. मग फायरप्लेसकडं बघून थांबले. ती पूर्वेच्या भिंतीत, म्हणजे यजमानाचं तोंड आपोआप पूर्वेला. धुराडं तपासून साफ करून घेतलेलं होतं, वर्षातून एकदा ते तपासावं असं इथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीतच आहे. डँपर उघडला. होमकुंड शेगडीच्या तोंडात सारलं आणि तुपाचा धूर एकही वळण न घेता सरळ वर गेला. अलार्म गप्प. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता डोकं वाकवून धुराड्यात बघून घेत होते. रम्फर्डसाहेबांना समाधान वाटलं असतं.

मात्र कुंड ठेवण्याआधी गुरुजींनी एक मागणी केली होती. “दगड चांगला आहे, पण गरम तांबं थेट त्यावर नको. एकदम ताव बसला तर ग्रॅनाइटलाही तडा जातो. चार विटा आणि थोडी वाळू द्या.” आता वीट कुठली? सगळ्या विटा कंत्राटदारानं उचलून नेल्या होत्या. तेव्हा आई गराजमध्ये गेली आणि पेपर टॉवेलच्या गठ्ठ्यामागून चार लाल विटा घेऊन आली. पाडकाम चालू असताना तिनं बाजूला काढून ठेवल्या होत्या. का, असं विचारल्यावर म्हणाली, “लागतात.”

तर निकाल असा. फायरप्लेसमध्ये रोज लाकूड जाळणारे असाल तर खुशाल सोपस्टोन घ्या, पैसे वसूल होतील. नुसती शोभा हवी असेल आणि घरात देव, मुलं, नारळ यांपैकी काहीच नसेल, तर संगमरवर घ्या आणि त्याच्याजवळ जाऊ नका. पण मराठी घर असेल तर काळा, होन केलेला ग्रॅनाइट. त्यावर पांढरी रांगोळी उठून दिसते, चौरंग हलत नाही, नारळ सोसतो. बोटांचे तेलकट ठसे तेवढे दिसतात, ते फडक्यानं निघतात. जाडीचं माप खालचं काँक्रीट धरून कोडाप्रमाणं भरवा, पुढची कड गोल करून घ्या, सीलर मारून घ्या आणि नडग्या वाचवा. आणि कुठलाही दगड ठरवण्याआधी दुकानातून त्याचा वीतभर नमुना घरी आणा. त्यावर रात्रभर तेल, ओली हळद आणि दही ठेवा, सकाळी पुसा, डाग दिसला तर तो दगड सोडा. नमुना मागायला लाजू नका, बहुतेक ठिकाणी तो फुकट देतात.